कपाटातल्या निळ्या फाइलविषयी

पोर्टलंड, ओरेगन

ती. आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, मी हल्ली फोनवर कमी का बोलते, असे तुम्ही दोनदा विचारलेत आणि दोन्ही वेळा मी कामाचे निमित्त पुढे केले. खरे कारण एक पुस्तक आहे. निकोल चंग या कोरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेचे हे आत्मकथन २०१८ साली प्रसिद्ध झाले. माझ्या हाती मात्र ते आत्ता आले, आणि वाचून झाल्यावर तुमच्याशी बोलण्याऐवजी लिहावे असे वाटले.

तिचा जन्म १९८१ साली सिएटलमध्ये, दिवस भरण्याच्या कितीतरी आधी झाला. जन्मदाते कोरियातून आलेले, पैशाची ओढाताण होती, आणि मूल जगले तरी धडधाकट राहील की नाही याची डॉक्टरांना खात्री नव्हती. तिला दक्षिण ओरेगनमधल्या, म्हणजे मी राहते त्याच राज्यातल्या, एका गोऱ्या कॅथलिक दांपत्याने दत्तक घेतले. कोरियन मुले दत्तक घेण्याचा या राज्याचा इतिहास जुना आहे. कोरियन युद्धानंतर, १९५५ साली, इथल्या हॅरी आणि बर्था होल्ट या जोडप्याने आठ कोरियन मुले एकदम घरी आणली; त्यासाठी अमेरिकी संसदेला खास कायदा करावा लागला. पुढे ती वाट इतकी मळली की १९८५ या एकाच वर्षात आठ हजारांहून अधिक मुले कोरियाबाहेर गेली. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील हयात असताना कागदोपत्री त्यांना अनाथ ठरवले गेले होते, हे २०२५ साली तिथल्या सत्यशोधन आयोगानेच मान्य केले. निकोल तर कोरियात जन्मलीही नव्हती. पण तू मूळची कुठली, हा प्रश्न तिला चेहऱ्यामुळे जन्मभर चिकटला.

तिला कुटुंबात सामावून घ्या, म्हणजे सगळे ठीक होईल, असा सल्ला तिच्या आईवडिलांना मिळाला होता, आणि त्यांनी तो मनापासून पाळला. वंशाचा विषय घरात निघत नसे, कारण त्यांच्या लेखी ती फक्त त्यांची मुलगी होती. शाळेत मुले तिच्या डोळ्यांवरून चिडवत, खऱ्या आईबापांना तू नकोशी होतीस असे म्हणत, आणि ती घरी येऊन काहीच सांगत नसे. त्या पानांवर मी फार वेळ थांबले.

कारण मीही सांगितले नव्हते. आई, ताईच्या लग्नात एका पाहुणीने मला जवळ घेऊन, ‘तुझे नशीब थोर, नाहीतर कुठे असतीस,’ असे म्हटले होते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू ओट्या भरत होतीस. निकोलचे वेगळेपण रस्त्यावरच्या माणसालाही दिसे. माझे दिसत नव्हते, म्हणून ते झाकता आले. माझ्या सावळ्या रंगावर आजी ‘आमच्या घराण्यावर गेली आहे’ असे ठणकावून सांगे, आणि आपण सगळे ते खरे मानून चालत असू. आजीचा त्यात प्रेमाशिवाय दुसरा हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या वाक्यामुळे मला प्रश्न विचारायला जागाच उरली नाही.

मागच्या महिन्यात इथल्या डॉक्टरांनी घरात कोणाला कोणते आजार आहेत असे विचारले, तेव्हा मी सवयीने बाबांचा रक्तदाब आणि मावशीचा मधुमेह सांगून मोकळी झाले. गाडीत बसल्यावर चूक लक्षात आली. निकोललाही हा प्रश्न गरोदरपणात विचारला गेला, आणि त्याच दिवसांत तिने शोध सुरू केला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी होती की जन्मदात्यांनी तिच्या भल्यासाठी, प्रेमापोटी तिला दिले. हाती आले ते याहून बरेच कठोर होते. तिच्या सख्ख्या बहिणीला बाळ दगावल्याचे सांगण्यात आले होते, आणि ती बहीण आईच्या हातचा मार खात वाढली होती. मात्र त्या बहिणीशी तिचे जे जुळले, त्याच्यासाठी एवढे सगळे सोसावे असे मला वाटले.

या शोधात तिने वाढवणाऱ्या आईवडिलांना कुठेही मागे टाकले नाही. पुस्तक निघाले त्याच वर्षी तिचे वडील गेले. २०२० साली, साथीच्या दिवसांत, आई गेली, आणि लेकीला अंत्यविधी पडद्यावर पाहावा लागला. तिने दुसरे आत्मकथन त्या दोघांवर लिहिले. तेही मी वाचले, म्हणूनच हे पत्र पुढच्या वर्षावर ढकलले नाही.

गोदरेजच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली निळी फाइल आहे, हे मला आठवीपासून माहीत आहे. ती मी कधी उघडली नाही. भारतात दत्तक गेलेल्या सज्ञान व्यक्तीला आपल्या मुळाविषयी माहिती मागण्याचा अर्ज आता स्वतः करता येतो. जन्मदात्रीची इच्छा नसेल तर तिची ओळख उघड करत नाहीत, आणि ते मला योग्यच वाटते. मी अर्ज करेन की नाही, हे अजून ठरलेले नाही. आधी ती फाइल वाचायची आहे, आणि ती तुम्हा दोघांच्या मध्ये बसून वाचायची आहे.

डिसेंबरच्या वीस तारखेला पोहोचते. बाबा, फोनवर लगेच उत्तर देऊ नका. आई, कागदांना कसर लागली असेल तर तेवढी झटकून ठेव. बाकी काही आवरू नकोस.

तुमची,
मनू