मेंदूतील माहितीला कायद्याचे संरक्षण द्या

कंपवातामुळे माझ्या वडिलांच्या हातून अर्धा चहा सांडायचा. मेंदूत इलेक्ट्रोड बसवल्यापासून ते शर्टाची बटणे स्वतः लावतात. त्यामुळे या तंत्रज्ञानाला माझा विरोध नाहीच. खर्च मात्र लाखांत. गडचिरोलीच्या शेतमजुराने तो कुठून आणायचा?

दुसरी काळजी अधिक मोठी. मेंदूच्या लहरी नोंदवणारे, डोक्याला बांधायचे पट्टे आता बाजारात आहेत. शिकवणीवाल्यांनी उद्या मुलांचे लक्ष तपासायला ते वापरले, तर ती नोंद कुणाच्या हाती जाईल? चिलीने २०२१ मध्ये थेट राज्यघटनेतच मेंदूतील माहितीला संरक्षण दिले. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तिचा वेगळा उल्लेखही नाही. विदर्भातील खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर