शेअर वर गेला हे छापता, गोदामात माल किती पडलाय तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. तुमच्या अर्थविषयक पानावरच्या परदेशी शेअर्सच्या बातम्या मी रोज वाचतो, पण अमुक कंपनीचा भाव दुप्पट झाला एवढंच कळतं, लोक तिचा माल एकदाच हौसेनं घेतायत की परत परत घेतायत हे कुठे येतच नाही, आणि आपले पैसे राहणार की जाणार हे तर तिथंच ठरतं.

बियाँड मीटचंच बघा ना. वनस्पतींपासून मांसासारखे बर्गर बनवणारी ही कंपनी मे २०१९ मध्ये २५ डॉलरला आयपीओ (म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकणं) घेऊन आली आणि जुलैत भाव २३० च्या वर. लोकांनी चव घेऊन बघितली, पण चव आणि किंमत दोन्ही न पटल्यामुळे बरेच जण परत फिरकलेच नाहीत, २०२५ मध्ये तो शेअर एक डॉलरच्याही खाली गेला.

बूट बनवणाऱ्या क्रॉक्स कंपनीचा शेअर २००७ मध्ये ७० डॉलरच्या वर होता, २००८ संपता संपता जेमतेम एक डॉलर! विक्री मंदावलेली आणि गोदामं भरलेली. (पुढे तेच बूट पोरांना पुन्हा आवडायला लागले आणि २०२१ मध्ये शेअर १५० च्या पुढे गेला, म्हणजे आवड परतही येते.) असाच एक शेअर मी अगदी टॉपला घेतला होता, तेव्हा तिमाही रिपोर्ट नीट वाचला असता तर विक्रीपेक्षा इन्व्हेंटरी, म्हणजे न विकलेला माल, जास्त वेगानं वाढतेय ही एक ओळ दिसली असती. ते नुकसान अजून सलतं.

आणि फटका भलत्यालाच बसतो. २०२३ मध्ये वजन उतरवणाऱ्या औषधांच्या जोरावर नोवो नॉर्डिस्क या डेन्मार्कच्या औषध कंपनीनं महागड्या चैनीच्या वस्तू विकणाऱ्या एलव्हीएमएचला मागे टाकलं, बाजारमूल्यानं युरोपातली सगळ्यात मोठी कंपनी झाली, आणि ऑक्टोबरात वॉलमार्ट या अमेरिकन दुकान-साखळीच्या एका बड्या अधिकाऱ्यानं ही औषधं घेणारे गिऱ्हाईक खाण्याचं सामान जरा कमी नेतंय एवढं म्हटलं तर चिप्स-कोल्ड्रिंकवाल्यांचे शेअर पडले. नंतर औषधांची मागणी टिकली तरी गिऱ्हाईक एली लिली या स्पर्धक कंपनीकडे वळायला लागलं आणि नोवोचा भाव निम्म्याहून खाली आला.

म्हणून विनंती आहे, तिमाही निकालांच्या बातमीत विक्री किती वाढली याच्या शेजारीच न विकलेला माल किती वाढला हा आकडाही द्या, दोन ओळींची जागा लागेल. पुढच्या निकालांपासूनच सुरू करता आलं तर बघा.

आपला,
एक नियमित वाचक