पर्यटनमंत्री, आश्व्याच्या लाटांआधी आमच्या सेप्टिक टाक्या बघा

मा. पर्यटनमंत्री,
गोवा सरकार, पणजी.

स.न.वि.वि.

पर्यटन हंगाम तोंडावर आला आणि मलनिस्सारणाचे आश्वासन पुन्हा पुढच्या वर्षावर गेले. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात लोक आता सर्फिंग शिकायला येतात. जरूर येवोत. खवळलेला समुद्र निवळला की ऑक्टोबरपासून इथे कमरेएवढी लाट मिळते, शिकाऊ माणसाला ती सोयीची. पण शिकणारा तासभर उथळ पाण्यात पडत-उठत असतो, नाकातोंडात पाणी जाते. ते पाणी कसले आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

आमच्या वाड्यांत भूमिगत वाहिनी नाही. घर असो की गेस्ट हाऊस, सगळा भार सेप्टिक टाकीवर आणि शोषखड्ड्यावर. टाकीत सांडपाणी निदान एक दिवस थांबले तर गाळ तळाला बसतो. २० माणसांच्या टाकीवर डिसेंबरात ८० माणसे टाकली की तेच पाणी सहा तासांत बाहेर पडते. गाळ शोषखड्ड्यात जातो, खड्डा तुंबतो आणि काळे पाणी वर येते. खोल्या धुतल्यावर रोज फिनेल आणि अ‍ॅसिड त्यातच जाते, त्याने मैला कुजवणारे जीवाणूही मरतात. त्यात आमची जमीन रेतीची. पाणी इतक्या झपाट्याने झिरपते की गाळले जाण्याआधीच शेजारच्या विहिरीला लागते.

टाकी उपसायला टँकर येतो. तो रिकामा कुठे होतो, याची नोंद कोण ठेवतो? रात्री व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला उभे राहिलेले टँकर गावाने पाहिले आहेत. मांद्रे-आश्व्याकडे हा व्हाळ किनाऱ्याला समांतर वाहतो, वरून बांबूचे साकव आहेत. पाऊस ओसरला की तोंडाशी रेतीचा बांध पडतो, आतले पाणी साचून हिरवे होते. मोठ्या भरतीने बांध फुटला की साचलेली घाण नेमकी शिकाऊ मंडळी उभी असतात त्या उथळात उतरते.

समुद्रात आंघोळ करण्याजोग्या पाण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष १०० मिलिलिटरला १०० मलजन्य कोलिफॉर्मचा, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जीवाणूंचा, आहे. तो तपासायचा तर नमुना व्हाळाच्या तोंडाशी, ओहोटीला, गुडघाभर पाण्यातून घ्यावा लागतो आणि बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. भरतीच्या वेळी खोल पाण्यातून बाटली भरली तर अहवाल चांगला येणारच, पण त्या अहवालाचा उपयोग काय?

पाहुणा चार दिवसांनी घरी जातो, आम्हाला मात्र हेच पाणी बारा महिने वापरायचे असते. हॉटेलांचे पंप दिवसरात्र चालतात, रेतीतला गोड्या पाण्याचा पातळ थर उपसला जातो आणि मार्चपर्यंत विहीर मचूळ होते. आजोबा-पणजोबांची विहीर दारात असताना आम्ही पाणी विकत घेतो. हे आम्ही का सोसायचे?

हे खाते आमचे नाही, असे कृपा करून म्हणू नका. मैला एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे, प्रदूषण तिसऱ्याकडे, आणि नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) व ३९अ खाली जमिनींचे विभाग बदलले गेले ते चौथ्याच टेबलावर. भाताचे शेत आणि काजूची बागायत गेली, तिथे खोल्या उठल्या, त्या खोल्यांची घाण कुठे जाणार हे मंजुरी देताना कोणी विचारले? पंचायतीला ना माणसे ना अधिकार. विमानतळावर उतरलेली डोकी मोजून तुम्ही यश ठरवता, त्या डोक्यांमागे किती लिटर सांडपाणी येते ते मोजत नाही. मोरजीत कासवाच्या अंड्यांवर वनखात्याचा पहारा बसतो, आम्हाला त्याचा अभिमान आहे. तसाच पहारा व्हाळावर का बसू शकत नाही?

खोल्यांची संख्या आणि टाकीचे माप जुळल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण नको. प्रत्येक उपसा टँकरला जीपीएस हवा आणि घाण प्रक्रिया केंद्रावर रिकामी केल्याची पावती हवी. तीन-चार वाड्यांमागे एक लहान प्रक्रिया प्रकल्प हवा, सगळ्या तालुक्याच्या मोठ्या योजनेसाठी तो अडवून ठेवू नका. आणि ऑक्टोबर ते मे दर आठवड्याच्या तपासणीचा आकडा व्हाळाच्या तोंडाशी फलकावर लावा, कोकणी, मराठी आणि हिंदीत. आकडा १०० च्या वर गेला तर त्या टप्प्यात सर्फिंग बंद, आणि घाण सोडणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी निलंबित. पहिला फलक हंगामाआधी लागला पाहिजे.

आपला,
मांद्रे मतदारसंघातील एक ग्रामस्थ