आईच्या दगडावरची ओळ

बेळगाव

चि. बाळ,
सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो रागामुळे नव्हे. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला, कारण मी तुला समजावू पाहत होतो आणि आई का गेली हे समजावून सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नाही. तू लिहिलेस, "देव तिथे असता तर आई गेली नसती, मग मी उपासनेला कुणासाठी जाऊ?" हे वाचून मला वाईट वाटेल अशी भीती तुला वाटली असावी, कारण पुढे तू क्षमा मागितली आहेस. ती मागायला नको होतीस.

तुझे हे वाक्य पवित्र शास्त्रातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय उघड. लाजर आजारी असल्याचा निरोप त्याच्या बहिणींनी, मार्था आणि मरीया यांनी, पाठवला, तरी प्रभू येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि त्यांच्या गावी बेथानीला पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था सामोरी येऊन म्हणते, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळाने मरीया येते, पायांवर पडते आणि तेच म्हणते. दोघींची तक्रार खोटी नव्हती, आणि प्रभूने दोघींपैकी एकीलाही दटावले नाही. मार्थेला त्याने वचन दिले की पुनरुत्थान व जीवन मीच आहे. मरीयेला मात्र त्याने काही समजावले नाही. त्याला कोठे ठेवले आहे एवढेच विचारले, आणि तो रडला. आपण आता लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला, यावर मी या काही महिन्यांत जितका विचार केला तितका आयुष्यात कधी केला नव्हता.

म्हणून मातीच्या दिवशीची एक गोष्ट मला दुरुस्त करायची आहे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तुझे डोळे पुसत, "विश्वासणाऱ्याने रडायचे नसते," असे म्हटले. त्या मायेने बोलल्या, पण ते वचनाला धरून नव्हते, आणि मी शेजारी उभा असूनही गप्प राहिलो याची मला खंत आहे. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका असे लिहिले. शोकच करू नका असे लिहिले नाही. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला तेव्हा, देवाने मला दुःखावर दुःख होऊ दिले नाही, असे तोच पौल फिलिप्पैकरांना कळवतो. त्या दिवशी पिठले-भाकरी घेऊन आलेल्या शेजारच्या काकू तुझा हात धरून संध्याकाळपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. त्या ख्रिस्ती नाहीत, पण बेथानीला प्रभू जसा वागला तशाच त्या वागल्या असे मला वाटते.

आता शेवटच्या रात्रीबद्दल. तू वेळेवर पोचली नाहीस हा सल तुझ्या पत्रातल्या प्रत्येक ओळीखाली आहे, म्हणून तेव्हा न सांगितलेले आज सांगतो. कोगनोळी नाका ओलांडल्यावर तू फोन केलास तेव्हा आई जाऊन पंचवीस मिनिटे झाली होती. मी "सावकाश ये" एवढेच म्हणालो, कारण पुढचा दीड तास तू बसमध्ये एकटी असणार होतीस.

मध्यरात्रीनंतर आईने मराठी बोलणे सोडले होते. माझ्याबरोबर तीस वर्षे मराठी उपासनेला येऊन मराठी गीते म्हटलेली बाई त्या रात्री पुन्हा बैलहोंगलची मुलगी झाली आणि लहानपणी पाठ केलेले २३ वे स्तोत्र कन्नडमध्ये म्हणू लागली: "येहोवनु ननगे कुरुबनु, कोरतेपडेनु," म्हणजे परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. काळोख्या दरीच्या ओळीपाशी तिचा श्वास तुटू लागला. पुढचे मला कन्नडमध्ये येत नव्हते, म्हणून मी मराठीत म्हटले, "कारण तू माझ्याबरोबर आहेस." तेव्हा माझ्या ध्यानात आले की दावीद सुरुवातीला देवाविषयी 'तो' असे बोलतो, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो, आणि दरीत शिरल्यावर मात्र 'तू' म्हणू लागतो. देव तिथे असता तर, असे तू लिहितेस. बाळ, तो तिथे होता. तिला त्याने माझ्या हातून नेले हेही खरे, आणि ही दोन्ही वाक्ये एकत्र कशी धरायची ते मी अजून शिकतोच आहे.

मात्र आपली आशा केवळ या सोबतीवर थांबत नाही. लाजर कबरेतून उठला, पण पुढे कधीतरी पुन्हा मेलाच. आईने तसे परत यावे असे आपण मागत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो, आणि उठलेल्या ख्रिस्ताला तो निजलेल्यांतले, म्हणजे मरण पावलेल्यांतले, प्रथमफळ म्हणतो. पहिली पेंढी घरी आली की शेतातले उरलेले पीक येणारच, तशा अर्थाने. खानापूरकडच्या आपल्या शेतात तुझे आजोबा मृगाआधी धूळवाफ पेरणी करत, ती मला आठवते. आभाळात ढग नसताना कोरड्या तांबड्या धुळीत कुरीने भात पेरत, आणि मग आठवडाभर बांधावर बसून नुसती माती पाहत. त्या दिवसांत शेतात दाखवण्यासारखे काही नसे, तरी ते शेत पडीक आहे असे कुणी म्हणत नसे. जे विनाशीपणात पेरले जाते ते अविनाशीपणात उठवले जाते, हे वचन पाळकांनी कबरेपाशी वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच शेत होते.

आईच्या कबरेवरचा दगड तयार आहे, पण कोरणारा ओळीसाठी थांबला आहे. तिने म्हटलेली ओळ वर कन्नड लिपीत आणि खाली मराठीत "तू माझ्याबरोबर आहेस" असे घालावे, असे माझ्या मनात आहे. तुला दुसरे काही सुचत असेल तर कळव, आणि कन्नड अक्षरे तूच लिहून पाठव. तुझे शाळेतले कन्नड माझ्यापेक्षा चांगले आहे.

ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्थानात भक्तीसाठी जमणार आहे. रजा मिळाली तर ये. गीत म्हणवले नाही तर म्हणू नकोस, मलाही अजून पहिल्या कडव्याच्या पुढे जाता येत नाही. माझ्या शेजारी उभी राहा.

तुझे,
बाबा