स्थगितीचा अभ्यास

चेंबूर, मुंबई

तीर्थस्वरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की इथल्या झाडांचा आणि खाड्यांचा कायदा शिकायला परदेशात कशाला जायचे, आणि तेही वकिलीत जरा कुठे जम बसू लागला असताना. प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचे उत्तर तुटक झाले असते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अभ्यासक्रम पर्यावरणविषयक कायदा आणि न्याय या विषयातील पदव्युत्तर पदवीचा आहे. पहिले वर्ष नेदरलँड्समध्ये आणि दुसरे दक्षिण आफ्रिकेत असून प्रबंध दुसऱ्या वर्षी लिहायचा आहे. तत्त्वेच शिकायची असती तर मी इथेच राहिले असते, कारण त्या बाबतीत आपला कायदा कुणापेक्षाही मागे नाही. पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे आणि नागरिकांचेही कर्तव्य असल्याचे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात आले; पुढे न्यायालयांनी एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवापाण्याचा हक्क वाचला; आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात १९९६ मध्येच आपल्या कायद्याचा भाग मानले.

माझी अडचण वेगळी आहे, आणि ती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला लवकर समजणार नाही. लघुवाद न्यायालयात शिरस्तेदार असताना, घर रिकामे करण्याच्या हुकमाविरुद्ध संध्याकाळी धावत येणारे भाडेकरू तुम्ही वर्षानुवर्षे पाहिलेत. सामान एकदा रस्त्यावर आले की अपिलात काय ठरते याला फारसा अर्थ उरत नाही, हे तुमचेच म्हणणे. पर्यावरणाच्या खटल्यात तर सामान परत आत नेण्याचीही सोय नसते. आरेमधील मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने यापुढे झाडे तोडू नयेत असे सांगितले, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. निकाल कुणाच्या बाजूने लागायला हवा होता, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु वादाचा विषयच नाहीसा झाल्यावर न्यायालयाने निकाल कशाचा द्यायचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो.

म्हणून मला अभ्यासायची आहे ती स्थगिती, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत एखादे काम किंवा हुकूम रोखून धरणारा न्यायालयाचा आदेश. ती उलट्या दिशेनेही चालते, हेही सांगायला हवे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाची सीआरझेड मंजुरी, म्हणजे किनारपट्टीच्या संरक्षित पट्ट्यात बांधकामासाठी लागणारी परवानगी, उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली होती. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालालाच स्थगिती दिली, भरावाचे काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग वाहतुकीला खुला झाला. वरळीच्या कोळ्यांच्या वाट्याला त्यानंतर एकच वाद उरला: होड्या समुद्रात नेण्यासाठी पुलाच्या दोन खांबांत किती अंतर असावे. तो त्यांनी नेटाने लढवला, पण रस्ता मुळात कुठून जावा हा प्रश्न तोवर मागे पडला होता.

प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायाधिकरणात, अपील करायचे, तर मुदत तीस दिवसांची, आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ दिवसांची आहे. त्यानंतर न्यायाधिकरणाचे हात बांधलेले असतात. जनसुनावणीच्या आधी लोकांना मराठीत मिळतो तो प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश. मूळ शेकडो पानी अहवाल इंग्रजीत असतो. हे सगळे समजून घेऊन, वर्गणी काढून, वकील गाठून लोक पुण्याच्या पीठापुढे पोहोचतात तेव्हा स्थगितीसाठीची निकड सिद्ध करण्याचे ओझेही त्यांच्याच डोक्यावर असते.

दक्षिण आफ्रिका मी निवडली ती यामुळे. तेथील वाइल्ड कोस्ट या किनाऱ्यावर शेल कंपनीला समुद्राखालील तेल आणि वायू शोधण्यासाठी भूकंपी सर्वेक्षण, म्हणजे ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाची पाहणी, करायचे होते. पहिला तातडीचा अर्ज फेटाळला गेला आणि सर्वेक्षण सुरूही झाले. तरीही किनाऱ्यावरच्या समाजांनी दुसरा अर्ज केला आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी मखांडा येथील उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या शोधाचा परवानाच न्यायालयाने रद्द केला. जाहिराती इंग्रजी आणि आफ्रिकान्स वर्तमानपत्रांत दिल्या होत्या आणि चर्चा प्रामुख्याने राजघराण्यांशी व पारंपरिक प्रमुखांशी झाली होती. याला लोकांशी सल्लामसलत म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आपले पूर्वज समुद्रात वास करतात ही त्या लोकांची श्रद्धादेखील न्यायालयाने विचारात घेतली. आपण कोळ्यांची प्रतिज्ञापत्रे तयार करतो तेव्हा मासळी, डिझेल आणि होड्या यांचा हिशेब काटेकोर मांडतो, पण नारळी पौर्णिमेबद्दल एक ओळही लिहीत नाही, कारण ती न्यायालयात चालणार नाही असे आपणच गृहीत धरलेले असते. २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने परवाना बेकायदा असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, मात्र त्याच्या नूतनीकरणाचा मार्ग मोकळा ठेवला. म्हणजे लढाई संपली नाही. समुद्र मात्र दरम्यानच्या काळात शाबूत राहिला.

आणखी एक गोष्ट तुम्हाला विशेष पटेल. तेथील संविधान न्यायालयाने २००९ मध्ये बायोवॉच या पर्यावरण संस्थेच्या खटल्यात असे ठरवले की सरकारविरुद्ध घटनात्मक हक्कासाठी प्रामाणिकपणे लढून हरलेल्या पक्षावर सहसा सरकारच्या खर्चाचा बोजा टाकू नये. गरीब माणूस न्यायालयाची पायरी चढतो की नाही, हे अशा नियमांवर किती अवलंबून असते, ते तुम्हाला मी काय सांगावे!

नेदरलँड्सबद्दल लोक फार भारावून बोलतात. मी तितकी भारावलेली नाही. उर्जेंडा या पर्यावरण संस्थेने सरकारविरुद्ध केलेल्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २०२० अखेर किमान २५ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश कायम केला. मार्ग कोणता घ्यायचा हे सरकारवर सोडले, आकडा मात्र न्यायालयाने बांधून दिला. आदेशाची ही रचना मला नीट शिकायची आहे. पण त्याच देशात शेलविरुद्ध २०२१ मध्ये मिळालेला ४५ टक्के कपातीचा आदेश अपिलात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, रद्द झाला. एकच कंपनी दोन देशांतील न्यायालयांपुढे कशी उभी राहते, आणि एकीकडे न टिकलेला आदेश दुसरीकडे का टिकतो, हाच माझ्या प्रबंधाचा विषय असेल.

आई, स्वित्झर्लंडमधील दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची एक संघटना आहे, त्यांचे सरासरी वय ७३. वाढत्या उष्म्याचा त्रास आम्हाला सर्वाधिक होतो आणि सरकार पुरेसे काही करत नाही, अशी तक्रार घेऊन त्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये जिंकल्या. तुझ्या भिशीच्या मंडळाला हे जरूर सांग. त्यातल्या दोघीतिघी तरी लगेच तयार होतील.

पैशांची काळजी करू नका. शुल्क आणि राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीतून भागेल, आणि गावच्या घराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या ठेवीला मी हात लावणार नाही. माझ्याकडची चालू प्रकरणे माझ्या सहकारी वकील मैत्रिणीने स्वीकारली आहेत आणि पक्षकारांशी बोलणेही झाले आहे. बाबा, तुमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया मी निघण्यापूर्वीच उरकून घेऊ. दादा त्यासाठी रजा काढणार आहे. एक मागणे आहे. स्थगितीचे अर्ज तुमच्या काळात टेबलावर आल्यापासून न्यायाधीशांसमोर जाईपर्यंत कसे फिरायचे, कोणते लगेच ऐकले जायचे आणि कोणते रखडायचे, हे जमेल तसे वहीत लिहून ठेवा. पुस्तकांत ते मिळत नाही, आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी मला ते हवे आहे.

तुमची,
मुग्धा