जलसंपदा मंत्र्यांना खुलं पत्र: कॅनॉलचा कच्चा रस्ता कच्चाच ठेवा, सायकलला तेवढी वाट द्या

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहतो, कर्वेनगरला, आणि गेली नऊ वर्षं सायकल चालवतो. या पत्रात मोठा निधी मागितलेला नाही, नवीन प्रकल्प मागितलेला नाही. तुमच्या खात्याच्या ताब्यात जे आहे ते आहे तसं राहू द्या आणि आम्हाला त्यावरून सायकल नेण्याची लेखी परवानगी द्या, मुख्य मागणं एवढंच आहे.

कुकडी प्रकल्पाबद्दल बोलतोय मी. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं, आणि त्यांच्यातून निघणारे कॅनॉल. प्रत्येक कॅनॉलच्या कडेने तुमच्या खात्याचा सेवा रस्ता आहे, मुरमाचा, पाटकरी (म्हणजे शेतीला पाणी सोडणारा कर्मचारी) आणि कालवा निरीक्षक यांना फिरता यावं म्हणून केलेला. पुण्याहून नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर. आम्ही चौघं मित्र थंडीत पहाटे गाडीच्या टपावर सायकली टाकून निघतो, ओझरला विघ्नहराचं दर्शन घेतो, तिथेच मागे येडगावचं पाणी पसरलेलं असतं, त्यावर धुकं असतं, आणि मग तिथून सायकलवर बसलो की दुपारपर्यंत हॉर्न म्हणून ऐकू येत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा, फेब्रुवारीत तर घडांना कागद गुंडाळलेले असतात आणि बायका क्रेट भरत असतात, मध्येच एखादा ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल, शेळ्या. खोडदच्या बाजूला गेलं की बागांच्या वर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश दिसायला लागतात, अशा ३० डिश आहेत त्या सगळ्या परिसरात, आणि पहिल्यांदा बघताना मी सायकल थांबवून नुसता उभा राहिलो होतो. परदेशातून लोक ज्यासाठी इटलीला जातात ते आपल्याकडे चाकण ओलांडलं की आहे, हे मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

या प्रकाराला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. यातल्या सायकलचं हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर ४० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुरूम, बारीक खडी, दाबलेली माती यावरून आरामात चालते. तिला डांबर लागत नाही. डांबर झालं की उलट तो रस्ता आमच्यासाठी संपतो, कारण डांबराच्या मागोमाग गाड्या येतात. जानेवारी २०२६ मध्ये आपल्या जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस झाली, बाहेरच्या देशांचे रायडर आले, त्यासाठी रस्ते छान झाले, मी पोराला खांद्यावर घेऊन बघायला उभा होतो आणि खरंच भरून आलं. पण ते गुळगुळीत रस्ते गाड्यांनाही तेवढेच गुळगुळीत आहेत हो, रेस गेली, बॅरिकेड निघाले, आता तिथे रविवारी सकाळी सायकल काढायला माझी बायको मला नाही म्हणते आणि तिचं बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिक हायवेवर एका ट्रकचा आरसा माझ्या दंडाला लागून गेला होता. हाड वाचलं. तेव्हापासून मी हायवेवर सायकल काढलेली नाही.

इटलीचं म्हटलं म्हणून सांगतो. टस्कनीत कियांती म्हणून द्राक्षांचा भाग आहे, तिथे पांढरे कच्चे रस्ते होते आणि एकेक करून त्यांच्यावर डांबर पडत होतं. १९९७ साली जियान्कार्लो ब्रोक्की नावाच्या माणसाने हे रस्ते वाचावेत म्हणून गायोले गावातून जुन्या सायकलींची एक राइड काढली, लेरोइका नावाची. पहिल्या वर्षी ९२ जण होते. आज जगभरातून हजारोंनी लोक तिथे येतात, आणि २००७ पासून त्याच भागातल्या कच्च्या रस्त्यांवर व्यावसायिक रायडरांची स्ट्राडे बियांके ही रेस होते. कच्चेपणा टिकवला म्हणून हे झालं. फ्रान्समधला कनाल द्यू मिदी तर थेट आपल्या कॅनॉलचाच भाऊ वाटतो मला, २४० किलोमीटर, सतराव्या शतकातला, दोन्हीकडे द्राक्षबागा. बोटी ओढणारे घोडे जिथून चालायचे त्या काठच्या वाटेवरून आता लोक सायकली चालवतात. वाट आधीपासूनच होती.

आता आमची अडचण. गेल्या डिसेंबरात एका फाटकाशी आम्हाला अडवलं, इथून जायला परवानगी नाही म्हणाले. ठीक आहे, त्यांचं कामच ते. पण त्याच फाटकातून आमच्यासमोर वाळूचा डंपर गेला. मग मी एका कार्यालयात रीतसर अर्ज दिला, तिथून दुसरीकडे जायला सांगितलं, तिथे म्हणाले सायकल हा विषय आमच्याकडे येत नाही. कुणाशी भांडण नाही माझं, पण नियम काय आहे हे कुणीच सांगू शकलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

डांबराची मागणी शेतकऱ्यांकडूनही येते, ते मी नाकारत नाही. तिथल्या एका बागायतदार काकांनी मला नीट समजावून सांगितलं, की अरे बाबा, गाडी गेली की धूळ उडते आणि ती बसते घडावर, मणी खराब दिसला की व्यापारी भाव पाडतो. ऑक्टोबर छाटणीपासून राबायचं आणि शेवटी धुळीने भाव जायचा. मी त्यांना विचारलं सगळ्यात जास्त धूळ कुणाची, तर म्हणाले डंपरची आणि सुट्टीत बाहेरून येणाऱ्या कारची, धरण बघायला येतात ते सुसाट जातात. सायकलची धूळ घडापर्यंत पोचत नाही. म्हणजे त्यांचं दुखणं आणि आमचं दुखणं एकच आहे साहेब, आणि भरावावरून डंपर गेले की भराव खचतो, तेव्हा खात्याचंही दुखणं तेच.

म्हणून माझी विनंती अशी. सुरुवातीला फक्त येडगावपासूनचा पहिला टप्पा घ्या, वीस-पंचवीस किलोमीटरचा. दोन्ही टोकांना फाटक, किल्ली पाटकऱ्याकडे आणि ज्यांच्या बागा लागून आहेत त्या शेतकऱ्यांकडे, म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर, पिकअप कधीच अडणार नाही. फाटकाच्या बाजूला सायकल जाईल एवढी फट. पावसाळ्यानंतर खड्ड्यात मुरूम टाकून रोलर फिरवा, ते तसंही तुम्हाला करावंच लागतं. पाण्याची भीती खरी आहे, आवर्तन चालू असताना, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं असताना, अस्तर केलेल्या कॅनॉलमधून माणसाला वर चढता येत नाही, तेव्हा ठरावीक अंतरावर लोखंडी शिड्या आणि दोर हवेतच, सायकलवाले आले नाहीत तरी हवेत, कारण त्या गावांमधली पोरं तिथेच पोहतात. जुन्नरला बिबट्या आहे हेही सगळ्यांना माहीत आहे, उसात त्याचा मुक्काम असतो, म्हणून सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर फाटकाच्या आत कुणीच सायकलवाला नको, आम्ही ते पाळू.

फलकावरचा मजकूरही लिहून ठेवलाय, खात्याला बदलायचा असेल तर बदला: "सेवा रस्ता. सायकल व पायी जाण्यास सूर्योदय ते सूर्यास्त परवानगी. ट्रॅक्टरला आधी वाट द्या. पाण्यात उतरू नका. बागेत शिरू नका, घड तोडू नका. आवर्तन सुरू असल्यास पाटकऱ्याचं ऐका." फलकाचा खर्च आम्ही चौघं करू, रंगवून आणून देऊ, फक्त खाली खात्याचं नाव लिहायची परवानगी हवी.

आपला,
कर्वेनगरचा एक सायकलवाला, पुणे