माया संस्कृती विज्ञानाच्या तासाला

संपादक महोदय,

मी मूळची मिरजेची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला आले आणि आता इथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत सहायक शिक्षिका आहे. वर्ग माझा नसतो. प्रयोगाचे ट्रे भरणं, गाळणकागद कापणं, अडलेल्या मुलांशेजारी बसणं ही माझी कामं. आपलं दैनिक फोनवर नेमाने वाचते. शाळांविषयीची वाचकपत्रं बहुतेक फी, दप्तराचं ओझं आणि माध्यमाचा वाद यांवर असतात. मुलं तासाला नेमकं काय शिकतात यावर क्वचितच कोणी लिहितं. म्हणून हे पत्र.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाचव्या वर्षाला, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना, विज्ञानात 'पदार्थांचे गुणधर्म आणि बदल' हा घटक आहे. विरघळणं, गाळणं, बाष्पीभवन आणि मग कोणता बदल उलटवता येतो, कोणता नाही. इतिहासात युरोपबाहेरची एक संस्कृती निवडायची असते: इ.स. ९०० च्या सुमाराचं बगदाद, आफ्रिकेतलं बेनिन किंवा मध्य अमेरिकेतली माया. आमच्या शाळेने माया निवडलं आणि तेही त्याच वर्षात, एकाच वर्गखोलीत. पण या दोन विषयांची एकमेकांशी गाठ काही पडत नाही. विज्ञानाच्या तासाला मुलं चिठ्ठ्या दोन रकान्यांत लावतात: मेण वितळणं इकडे, कागद जळणं तिकडे. इतिहासाच्या तासाला पुठ्ठ्याचा पिरॅमिड, पिसांचा मुकुट आणि शेवटी गरम चॉकलेट. मुलांना मजा येते, नाही असं नाही. पण माया लोकांनी हाताने काय घडवलं हे त्यात कुठेच येत नाही. आणि त्यांनी जे घडवलं ते जवळजवळ सगळं आमच्या त्या दोन रकान्यांतलंच आहे.

चुन्याचंच बघा. आजच्या ग्वाटेमालातल्या टिकाल शहरातलं चौथं मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे, आठव्या शतकातलं. ते उभारणाऱ्यांकडे लोखंडी हत्यारं नव्हती, बैल नव्हते, गाड्या नव्हत्या. होती ती चुनखडी आणि जंगल. चुनखडी लाकडांवर रचून सुमारे नऊशे अंशांपर्यंत भाजायची, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसून तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर, जमिनीवर, पाण्याच्या हौदांच्या तळाला लावला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगडापासून निघून दगडापाशी आलेला हा बदल कोणत्या रकान्यात घालायचा? आमच्या कागदावर दोनच रकाने आहेत. अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांनी, नवा पदार्थ तयार होणारे बदल सहसा उलटत नाहीत, असं सावधपणे लिहिलंय. मुलांच्या हातात कागद येईपर्यंत ती सावधगिरी गळून जाते.

वर्गशिक्षिकेला मी हे सांगितलं तेव्हा तिने मला वीस मिनिटं दिली. बेलग्रेव्ह रोडवर आपल्या लोकांची दुकानं आहेत, तिथे विड्याला लावायचा चुना सहज मिळतो. तो पाण्यात ढवळून, रात्रभर ठेवून वरची निवळी काढली. इथे काडेपेटी ओढायची तरी आधी धोक्यांचा कागद भरावा लागतो, तोही भरला. डोळ्यांना चष्मा लावून निवळीत फुंकर मीच मारली, मुलांना हात लावू दिला नाही. निवळी दुधाळ झाली. मिरजेत आम्ही सातवी-आठवीत हेच केलं होतं, पण तेव्हा त्याचा शेवट 'उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो' या वाक्याशी व्हायचा. इथे मी मुलांना सांगितलं की ग्लासात जो पांढरा गाळ बसतोय तोच टिकालच्या भिंतींवर बसला, फक्त सावकाश. एका गुजराती मुलाने विचारलं, आमच्या आजीच्या पानाच्या डब्यातला चुना उघडा ठेवला तर त्याचाही दगड होईल का? होईल. वाळून कडक होतो हे आजीलाही माहीत असणार, का होतो ते आता नातवाला कळलं.

दुसरी गोष्ट रबराची. अभ्यासक्रमात याच घटकाखाली, नवे पदार्थ शोधणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणून दोन नावं सुचवली आहेत: चिकटचिठ्ठ्यांचा गोंद काढणारे स्पेन्सर सिल्व्हर आणि सुरकुत्या न पडणारं सुती कापड करणाऱ्या रूथ बेनेरिटो. दोघांचंही काम मोठंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गाच्या दुसऱ्या भिंतीवर माया लोकांच्या चेंडूच्या खेळाचं चित्र लावलेलं असताना तो चेंडू कशाचा होता हे कोणी विचारू नये? कॅस्टिला नावाच्या झाडाचा चीक नुसता वाळवला तर ठिसूळ होतो, उसळत नाही. मध्य अमेरिकेतले लोक त्यात मॉर्निंग ग्लोरीच्या जातीतल्या एका वेलीचा रस मिसळत. त्याने चिकाचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून धरले जातात आणि उसळणारं रबर मिळतं. मेक्सिकोतल्या एल मानाती इथे सापडलेले रबरी चेंडू इ.स.पू. १६०० च्या आसपासचे आहेत, म्हणजे माया शहरांच्याही कितीतरी आधीचे. चार्ल्स गुडइयर गंधक घालून रबर टिकाऊ करायला शिकला १८३९ मध्ये. आमची मुलं पांढऱ्या गोंदात कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचं पाणी आणि सोडा घालून स्लाइम करतात, त्यात घडतं तेही याच जातीचं. त्या तासाला वेल आणि चीक यांची गोष्ट सांगायला पाच मिनिटं पुरतात.

मक्याविषयी थोडक्यात सांगते. माया बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवत, आजही ठेवतात. दाण्याची साल सुटते आणि वाटलेलं पीठ चिकट होतं. मक्याच्या भाकरीच्या कडा कशा फाटतात हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. चुन्यातल्या मक्याच्या त्या फाटत नाहीत. शिवाय मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने मका नेला पण ही कृती नेली नाही, आणि उत्तर इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाने होणारा रोग पसरला. माया लोकांच्या निळ्या रंगाचंही तसंच. नुसती नीळ उन्हाने उडते, पण पॅलिगोर्स्काइट नावाच्या मातीबरोबर तापवली की तीव्र आम्लालाही दाद देत नाही. मेक्सिकोतल्या बोनाम्पाक या माया शहराच्या भित्तिचित्रांत हा निळा बाराशे वर्षांनंतरही आहे.

आणि जळणारा कागद. आमच्या चिठ्ठ्यांत तो नेहमी 'उलटत नाही' या बाजूला असतो. १५६२ साली मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर लिहिलेलं. अशा पोथ्या आज जगात फक्त चार उरल्यात. हे नऊ वर्षांच्या मुलांना सांगावं की नाही यावर शिक्षकखोलीत दोन मतं होती. माझं मत, सांगावं. त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या अर्धवट वर्णमालेवरून रशियातल्या युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये माया लिपी वाचण्याची वाट दाखवली, हेही त्याच दमात सांगावं.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खटकते. मुलांना मिळणाऱ्या छापील कागदांवर पुष्कळदा 'माया लोक कुठे गेले?' असं गूढ रंगवलेलं असतं. दक्षिणेकडची शहरं नवव्या शतकात ओस पडली हे खरं, पण माणसं कुठे गेली नाहीत. माया भाषा बोलणारे लाखो लोक आज ग्वाटेमाला, मेक्सिको आणि बेलीझमध्ये आहेत. १९९२ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेन्चू त्यांच्यातल्याच, किचे माया. मका चुन्यात शिजवणाऱ्या बाया जिवंत असताना त्यांची संस्कृती लुप्त झाली म्हणायचं, हे काही बरं नव्हे.

आता आपल्याकडचं. माया संस्कृती आपल्या प्राथमिकच्या पुस्तकांत घाला, असं माझं म्हणणं नाही. पण आपल्याकडेही परिसर अभ्यासाचे भाग एक आणि भाग दोन वेगळे असतात, आणि विज्ञान नि इतिहास यांची भेट तिथेही होत नाही. तिकोना किल्ल्यावर चुन्याचा घाणा आहे, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. किल्ल्यावर सहल गेली की मुलं त्या चाकाला टेकून फोटो काढतात. आपले गवंडी चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालत. होन्डुरासमधल्या कोपानचे माया गवंडी झाडांच्या सालींचा रस घालत, आणि त्या रसाने गिलावा जास्त मजबूत होतो असं स्पेनमधल्या ग्रानादाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं. दोघांची ओळख नव्हती, मध्ये दोन महासागर होते, तरी उपाय एकाच वळणाचा. सातवीच्या परिवर्तनीय-अपरिवर्तनीय बदलांच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही, आणि त्याला खर्च येतो तो चुन्याच्या पुडीचा.

शिक्षकांना एवढीच विनंती: कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नका, भाजतो आणि डोळ्यांना फार वाईट. प्रयोग निवळीवर करा, आणि फुंकर शिक्षकांनीच मारावी. वाई, सातारा, भोर या बाजूला जुने वाडे दुरुस्त करणारे गवंडी अजून चुना मळतात. त्यांच्यातला एखादा या वर्षी एका दुपारी शाळेत येऊ शकेल का, हे मुख्याध्यापकांनी विचारून बघावं. त्याला त्या दुपारचा रोज मात्र द्यावा, सत्कार आणि नारळ यांवर भागवू नये.

आपली,
एक सहायक शिक्षिका, लेस्टर (मूळ मिरज)